ढगाकडे जाणारा वारा

कवडू पडला त्या दुपारी वारा ढगाकडे वाहत होता. श्रीधरने नोंदवहीत तसे लिहिले होते आणि ते खरे होते. खोटी होती ती त्याखालची ओळ.

१९५८ सालचा मे महिना होता. भिलाईच्या माळावर पहिल्या भट्टीचा लोखंडी सांगाडा दीडशे फुटांवर पोचला होता आणि त्याच्यापासून अर्ध्या फर्लांगावर, पत्र्याच्या एका खोलीत, श्रीधर वारा मोजत असे. तो दुर्गचा, नागपुरात पदार्थविज्ञान शिकून आलेला, सव्वीस वर्षांचा. खोली मुळात धुरासाठी बांधली होती. कारखान्याचा धूर वसाहतीवर येऊ नये, म्हणून वर्षभर वारा कुठून कुठे जातो हे आखणी करणाऱ्यांना हवे होते. वसाहतीचे सेक्टर आखून झाले आणि ती खोली, तिच्यातली उपकरणे व श्रीधर, सगळेच भट्टीची उभारणी करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीकडे आले. आता त्याचे काम एवढेच उरले होते: उंचावर काम करण्याजोगी हवा असली तर बाहेरच्या खांबावर पांढरा झेंडा, नसली तर लाल. पांढरा झेंडा असल्याशिवाय साठ फुटांवर कोणी चढायचे नाही, असा नियम होता.

कवडू रिगर होता. उंचावर चढून पत्रे आणि तुळया जागी बसवणे हे त्याचे काम. भंडाऱ्याकडचा माणूस; दीड वर्षापूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन तो, बायको शेवंता आणि धाकटा भाऊ टिकाराम असे तिघे भिलाईला आले होते. चढण्यापूर्वी खोलीत येऊन पाणी पिण्याची आणि हवेची चौकशी करण्याची त्याची रीत होती. झेंडा खालून सर्वांनाच दिसत असे. तरी तो विचारायला येई. शिकलेल्या माणसाशी दोन शब्द बोलणे ही त्याला दिवसातली मोलाची गोष्ट वाटत असावी.

त्या दुपारी पावणेतीनला तो आला तेव्हा पश्चिमेला, रसमड्याच्याही पलीकडे, एक ढग चढत होता. वर पांढरा, खाली शाईसारखा.

"बाबू, हवा कुठी चालली?"

"ढगाकडे. पूर्वेकडून पश्चिमेला, ताशी सात मैल." श्रीधर खिडकीतून बाहेर बोट दाखवत म्हणाला. "म्हणजे ढग आपल्याकडे येत नाही. वारा त्याला मागे रेटतो आहे."

कवडूने पेला पालथा घातला आणि दारात उभा राहून पाहिले. खांबावरची कापडी नळी पश्चिमेकडे हळूहळू फुगत होती.

"रेटून राहिली का तोच ओढून राहिला?"

"ढग वारा ओढत नसतो, कवडू."

"आमच्या गावच्या तलावाचं दार उघडलं ना, बाबू, का काडी-कचरा सारा दाराकडं जाते. पानी काई त्याले रेटत नाही. दारच ओढते." मग तो स्वतःच हसला. "पन आपलं आयकेल हाये. तुमचं शिकेल हाये. झेंडा पांढरा म्हनता ना?"

"पांढरा."

"मंग झालं." आणि जाता जाता झेंडा ओढणाऱ्या तेजरामला म्हणाला, "देख तेजराम, बाबूनं ढगाले परत पाठवलं."

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी वारा थांबला. नळी खांबाला चिकटून लोंबू लागली. माळावर इतकी शांतता पसरली की वर सांगाड्यावर कोणी पान्हा खाली ठेवल्याचा आवाज श्रीधरला खोलीत ऐकू आला. त्याला बरे वाटले. हवा शांत झाली, असे त्याने लिहायला घेतले, आणि ते वाक्य पुरे होण्याआधी पश्चिमेकडून थंडगार, धुळीने तांबडा झालेला वारा एखादी भिंत ढकलत आणावी तसा आला. क्रेनच्या दोराला टांगलेला पत्रा दारासारखा गर्रकन फिरला. एकशेवीस फुटांवर तिघे होते. दोघांनी तुळईला मिठी मारली. तिसरा कवडू होता.

दहा मिनिटांनी साइट इंजिनिअर शरच्चंद्र खोलीत आले. ते रायपूरचे, चाळिशी ओलांडलेले, श्रीधरच्या वडिलांना ओळखणारे. त्यांच्या भुवयांवर धूळ बसली होती.

"लाल झेंडा किती वाजता चढला?"

"आत्ता, साहेब. तुम्ही तेजरामला ओरडून सांगितलंत तेव्हा. तीन-चाळीस."

"तीन-वीसला चढला. तो पोरगा उतरला नाही." ते वहीकडे बघत होते, श्रीधरकडे नव्हे. "लिही."

त्याने लिहिले. आपण नकार का दिला नाही, याचा त्याने पुढे पुष्कळ विचार केला. नोकरीची भीती होतीच. पण भीतीपेक्षा प्रबळ असा एक विचित्र दिलासा त्या क्षणी त्याला वाटला होता. कोणीतरी मोठा माणूस त्याला सांगत होता की त्याने झेंडा वेळेवर चढवला होता.

पुढचे तीन आठवडे वारा श्रीधरला सोडीना.

त्या दिवसांत रोज दुपारी क्षितिजावर कुठे ना कुठे ढग उठत असे. कधी धमध्याकडे, कधी बालोदकडे. आणि जिकडे ढग, तिकडे माळावरची हवा तोंड फिरवी. दोन वर्षे मोजलेली ही गोष्ट त्याने कधी पाहिलीच नव्हती. ऊन कडक असे, आभाळ डोक्यावर निळे असे, आणि उबदार, हलका वारा घरातून पाऊल न वाजवता बाहेर पडणाऱ्या माणसासारखा त्याच्या पाठीमागून निघून पुढे जाई. दरवेळी त्याला वाटे की कोणी दारातून आत आले, पाण्याजवळ थांबले आणि खिडकीतून बाहेर गेले. तो मागे वळून पाही. पेला जिथल्या तिथे असे. रुआबांध्याकडच्या मजुरांच्या कॅम्पात दोऱ्यांवर वाळणारी लुगडी एकाच दिशेला उडत. ती कुठे चालली आहेत हे पाहायला तो नकळत मान वळवी, आणि तिथे ढग असे.

दोन वाजता तो नेहमीप्रमाणे फुगा सोडी आणि दुर्बिणीतून त्याचा मागोवा घेई. चौथ्या-पाचव्या मिनिटाला, डोळ्यात पाणी यायला लागले की, फुग्याशेजारी दुसरा एक ठिपका दिसे. त्याला हातपाय असत. डोळ्यांवरचा ताण, त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. आणि दुसऱ्या दिवसापासून डावा डोळा लावून पाहिले. डाव्या डोळ्यालाही तो दिसला. चढत होता. घाई न करता, नियमाने, एक हात मग दुसरा हात.

तेजराम आता झेंड्याजवळ एकटा उभा राहत नसे. "बाबू, ओ आथे," तो एकदा म्हणाला, तो येतो; आणि श्रीधरने त्याला दटावले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शरच्चंद्रांनी त्याला एक कागद दिला. चौकशी समिती सोमवारी बसणार होती. कवडूच्या बायकोला मराठीतून समजावून सांगायचे आणि सही आणायची: लाल झेंडा असताना नवरा स्वतःच्या हट्टाने वर थांबला हे तिला मान्य आहे; त्याबदल्यात कंपनी तिला कॅम्पातली खोली आणखी एक वर्ष राहू देईल.

"मीच का, साहेब?"

"तू त्यांच्या भाषेतला आहेस. आणि तू सभ्य आहेस," शरच्चंद्र म्हणाले.

शेवंताची खोली कॅम्पाच्या टोकाला होती. दारात टिकाराम बसला होता. श्रीधरला पाहताच त्याने आत तोंड करून हाक दिली, "वयनी, हवावाले बाबू आले. खिडकी लावून घे, न जाने कोनती हवा आनली असन."

"येऊ दे त्यायले," आतून आवाज आला.

ती तिशीतली, हडकुळी, शांत बाई होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि खाली खडूने गिरवलेली बाराखडी. श्रीधरने कागद वाचून दाखवला. वाचताना त्याला आपला आवाज कुठल्यातरी परक्या माणसाचा वाटला. टिकाराम दारातून उठून आत आला.

"मायंबी रिगरातलं नाव कटलं, मालूम हाये का? मुकादम म्हनते, तुमच्या घरचे लोक झेंडा मानत नाही. मले आता खाली माती उचलाले लावलं. भाऊ तर दर डाव इचारून चढे ना तुमाले? बोला ना!"

"टिका," शेवंता म्हणाली, आणि तो पुन्हा दाराशी जाऊन बसला. तिने श्रीधरकडे पाहिले. "शेजारच्या बाया म्हनतात, आमी तेरावं नाही केलं, म्हून कवडू फिरून राहिला. तेजरामले दिसते म्हनते. तुमाले दिसते का?"

श्रीधरने खोटे बोलायचे ठरवले होते. पण तो म्हणाला, "दिसतो."

"आमी भूत मानत नाही. नागपूरले हात वर करून सांगतलं, का हे मानायचं नाही म्हून. तो मेला, जाळला, झालं." तिने कागद त्याच्या हातात परत दिला. "मले भूत नाही पायजे, बाबू. मले कागद पायजे. खरा. उद्या माया पोटातलं लेकरू शाळेत जाईन तवा त्याले कोनी म्हनू नये, तुया बाप नियम तोडून मेला. तुमाले तो दिसते ना? मंग त्यालेच इचारा, झेंडा कोनता होता."

टिकाराम हसला, पण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. ती उठून चुलीकडे गेली.

श्रीधर पत्र्याच्या खोलीवर परतला आणि त्या दिवशीची फुग्याची नोंद काढून बसला. झेंड्यासाठी जमिनीवरचा वारा पुरेसा असतो, म्हणून फुग्याचे आकडे लिहून ठेवण्यापलीकडे त्याने त्यांच्याकडे पाहिले नव्हते. आता त्याने मिनिटागणिक कोन घेऊन फुग्याचा मार्ग कागदावर काढला. पहिली चार मिनिटे फुगा पश्चिमेला गेला होता, ढगाच्या दिशेने. मग उंचावर तो थबकला, वळला, आणि श्रीधरच्याच डोक्यावरून पूर्वेला परत निघाला होता. खालचा वारा ढगाकडे जात होता. वरचा वारा ढगाकडून येत होता.

तो दोन वर्षांच्या वह्या उपसत बसला. वादळाचा प्रत्येक दिवस शोधला. सतरा दिवस निघाले. त्यांतले चौदा सारखे होते: तासभर आधी माळावरची हवा वादळाकडे वळली होती, तिचा वेग वाढला होता, नंतर ती पडली होती, नंतर उलट दिशेने उठली होती. ढग असा दहा-पंधरा मैलांवर उभा राहून भोवतालचा सगळा वारा आपल्या पायाशी ओढून घेत होता आणि वरून बाहेर सांडत होता. तो येण्याआधीच त्याचा हात इथवर पोचलेला असे. आणि जो वारा ढगानेच ओढलेला, त्या वाऱ्याने ढग मागे रेटला जाईल, असे श्रीधरने कवडूला सांगितले होते. तलावाचे उघडे दार त्याला समजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो नकाशे घेऊन शरच्चंद्रांकडे गेला. त्यांनी ते नीट, खरोखर नीट पाहिले.

"हे मलाही माहीत नव्हतं," ते अखेरीस म्हणाले. "कोणालाच नव्हतं इथे. श्रीधर, यासाठी तुला कोणी दोष देणार नाही. अज्ञान आहे हे; माफ होतं."

"मग समितीपुढे हे ठेवू या."

"ठेव. आणि मग ते विचारतील, तुला ढग मागे जाईल असं वाटत होतं, तर तीन-वीसला लाल झेंडा का चढवलास?" त्यांनी नकाशांची गुंडाळी त्याच्याकडे सरकवली. "वाऱ्याबद्दल तू चुकलास. वेळेबद्दल आपण चुकलेलो नाही. आपण ती बदलली. ही दुसरी गोष्ट माफ होत नसते. तुझी आई आहे घरी. मलाही तीन मुली आहेत. विचार कर."

सोमवारी दुपारी पत्र्याच्या लांबट शेडमध्ये समिती बसली. टेबलामागे तीन अधिकारी, बाजूला शरच्चंद्र, मागच्या बाकावर टिकाराम आणि पदर डोक्यावरून घेतलेली शेवंता. श्रीधर उभा राहिला तेव्हा बाहेर स्वच्छ ऊन होते.

त्याने आधी वाऱ्याचे सांगितले. तो भाग सोपा होता. सांगताना त्याला लाजही वाटली की आपण शास्त्राच्या आडोशाने वेळ काढतो आहोत. अध्यक्ष वृद्ध होते, ऐकायला थोडे कमी येणारे. त्यांनी हात कानाशी धरला. "ते ठीक आहे. पण झेंडा?"

तेवढ्यात टेबलावरचे कागद हलले. वाऱ्याचा झोत नव्हता. कोणी श्वास आत ओढून घ्यावा तशी हवा पूर्वेच्या दारातून आली, माणसांच्या मधून गेली आणि पश्चिमेच्या खिडकीतून बाहेर पडली. कागद त्या दिशेने वाकले आणि वाकलेलेच राहिले. श्रीधरने खिडकीकडे पाहायचे टाळले. तिथे काय असेल हे त्याला माहीत होते.

"झेंडा पांढरा होता," तो म्हणाला. "कवडू मला विचारून चढला. तो पडेपर्यंत पांढराच होता. लाल झेंडा तीन-चाळीसला चढला. तीन-वीस हा खोटा आकडा मी नंतर लिहिला."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

शरच्चंद्र खुर्चीत ताठ बसले होते. श्रीधर बोलण्याआधी तेच उठले. "माझ्या," ते म्हणाले. मग खिडकीशी गेले आणि बाहेर पाहिले. रसमड्याच्या अंगाला ढग उभा होता. "सर, आत्ता वर अकरा माणसं आहेत. झेंडा पांढरा आहे. मला जाऊ द्या."

उत्तराची वाट न पाहता ते उन्हात धावत निघाले. थोड्या वेळाने तेजरामची आरोळी ऐकू आली आणि खांबावर लाल झेंडा चढला. माणसे एकामागून एक उतरली. सगळे शेडच्या सावलीत उभे राहून वाट पाहत होते. नळी पडली, शांतता पसरली, कोणी खोकलेसुद्धा नाही. आणि मग वादळ दक्षिणेला, शिवनाथच्या पात्राकडे वळून निघून गेले. माळावर धुळीचा एक लोट आणि चार थेंब आले, इतकेच. मुकादम थुंकून म्हणाला की अर्धा दिवस फुकट गेला.

निकाल आठ दिवसांनी आला. मृत कामगाराकडून नियमाचा भंग झाला नाही, असे समितीने लिहिले. टिकारामला पुन्हा रिगरांच्या टोळीत घ्यावे आणि मृताच्या पत्नीला खोलीतून काढू नये, असेही लिहिले. श्रीधरची नोकरी गेली. शरच्चंद्रांची दूरच्या एका कामावर बदली झाली. अहवाल इंग्रजीत होता. त्यातल्या कवडूबद्दलच्या परिच्छेदाचे मराठी भाषांतर श्रीधरने स्वतः केले, मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिले आणि दुर्गला कायमचे परतण्याआधी शेवंताला नेऊन दिले.

टिकाराम कामावर होता. तिने कागद मांडीवर घेतला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागली. मदत करायला तो पुढे झुकला तेव्हा तिने मान हलवून नको म्हटले. कवडूच्या नावावर बोट बराच वेळ थांबले. मग पुढे सरकले. शेवटच्या ओळीवर पुन्हा थांबले.

"झें-ड्या-च्या वे-ळे-च्या नों-दी-त त-फा-व-त आढळली." तिने वर पाहिले. "तफावत म्हंजे का?"

"फरक. लिहिलेली वेळ आणि खरी वेळ, यांत फरक पडला."

"पडला?"

मूळ इंग्रजी अहवालात तिथे जो शब्द होता, तो इतका मऊ नव्हता. त्याचा मराठी शब्द त्याने आदल्या संध्याकाळी तीनदा लिहून खोडला होता.

"तुमी तं समितीपुढं येगळं बोलले. मी आयकलं. माया कानानं." तिच्या आवाजात राग नव्हता, एखादा हिशेब न जुळल्यावर पुन्हा पहिल्यापासून पाहणाऱ्या माणसाचा धीर होता. "खोटं लिवलं, असंच बोलले ना तुमी?"

"हो."

"मंग तसंच लिवा. मायं लेकरू वाचन. त्याले तफावत नाही समजनार."

त्याने खिशातून पेन काढले. टेबल नव्हते; तिने पोळपाट पुसून पुढे ठेवला. बाहेर हवा हलायला लागली होती आणि दाराचे फळकूट हळूच कुरकुरत होते. त्याने शेवटची ओळ खोडली आणि तिच्याखाली लिहिले: झेंडा लाल झाल्याची खोटी वेळ मी लिहिली. मग नाव, आणि तारीख.

शेवंताने कागद आपल्याकडे ओढला, शाई वाळेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली. ती सावकाश वाचत होती. वाचून होईपर्यंत त्याला बसून राहणे भाग होते.